दोन रुपयांचें दान व शंभर रुपयांचा हिशेब

गेल्या उन्हाळ्यांत आमच्या गांवाजवळच्या एका खेड्यांत पिण्याचें पाणी शुद्ध करण्याचें एक यंत्र बसविण्यांत आलें. तें देणारी कंपनी जवळच कारखाना चालविणारी. मांडव, हार, नारळ, भाषणें, अल्पोपाहार, सर्व कांहीं यथास्थित झालें. यंत्राच्या खोलीवर कंपनीच्या नांवाची संगमरवरी पाटी लावली होती व ती खोलीच्या दारापेक्षां रुंद होती. सेवानिवृत्त महसुली कारकून या नात्यानें आम्हांसही पुढच्या रांगेंत खुर्ची मिळाली होती. आभारप्रदर्शन आटोपत आलें असतां मागच्या बाजूस एक वृद्ध शेतकरी उभा राहिला व कंपनीच्या अधिकाऱ्यांस हात जोडून म्हणाला, “साहेब, यंत्र दिलं, उपकार झाले. पर एक इचारतो. वीस वरसांमागं आमच्या हिरीचं पाणी आमी तसंच पीत हुतो. ते नासलं कशानं, ते बी सांगून जावा.”

मांडवांत कोणी बोलेना. अधिकारी तरुण होते व नुकतेच बदलून आले होते. “बाबा, माहिती घेऊन कळवितों,” असें म्हणून त्यांनीं वेळ निभावून नेली. दोष त्यांचा नव्हता. त्या प्रश्नाचें उत्तर ज्यास ठाऊक होतें असा एक मनुष्य मांडवांत होता, आणि तो पुढच्या रांगेंत बसून खालीं पाहत होता. तें उत्तर पुढें योग्य ठिकाणीं देऊं. तत्पूर्वीं, कारखानदारांनीं व व्यापाऱ्यांनीं समाजाचें देणें कसें फेडावें, आणि तें फेडलें कीं नाहीं हें आपण शेतकऱ्यांनीं कसें ओळखावें, याविषयीं आमचे विचार वाचकांपुढें ठेवितों.

प्रथम कायदा पाहूं. कंपनी कायदा २०१३ यांतील कलम १३५ हें १ एप्रिल २०१४ पासून अमलांत आलें. ज्या कंपनीची निव्वळ मत्ता पांचशें कोटी रुपये अगर त्याहून अधिक आहे, किंवा जिची वार्षिक उलाढाल एक हजार कोटींची आहे, किंवा जिचा निव्वळ नफा पांच कोटींचा आहे, अशा कंपनीनें मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्यापैकीं निदान शेंकडा दोन इतकी रक्कम समाजोपयोगी कामांवर खर्च केली पाहिजे. या तीन कसोट्यांपैकीं एक लागू पडली तरी पुरे. कोणतीं कामें चालतील त्यांची यादी कायद्याच्या सातव्या अनुसूचींत आहे. तींत आरोग्य, शिक्षण, पिण्याचें पाणी, पर्यावरण, ग्रामविकास इत्यादि विषय आहेत. हा खर्च करतांना कंपनीनें आपल्या कारखान्याच्या आसपासच्या मुलखास प्राधान्य द्यावें, असें त्याच कलमांत सांगितलें आहे. हें वाक्य प्रत्येक शेतकऱ्यानें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

पहिल्या कांहीं वर्षांत ही रक्कम खर्च झाली नाहीं तर कंपनीनें त्याचें कारण वार्षिक अहवालांत सांगितलें म्हणजे भागत असे. २०२१ च्या जानेवारीपासून ती सवलत उरली नाहीं. जें काम वर्षानुवर्षें चालावयाचें आहे त्याची शिल्लक रक्कम वर्ष संपल्यावर तीस दिवसांचे आंत निराळ्या बँक खात्यांत ठेवावी लागते व तीन वर्षांत खर्चावी लागते. इतर शिल्लक सहा महिन्यांत सरकारनें नेमून दिलेल्या निधींत भरावी लागते. न भरल्यास दंड आहे. ज्या कंपनीवर हें देणें सरासरी दहा कोटींचें किंवा अधिक असेल, तिनें एक कोटीच्या व त्यावरील कामांचा प्रत्यक्ष उपयोग किती झाला याची त्रयस्थाकडून तपासणी करवून घ्यावी, असाही नियम आहे. केवळ आपल्याच नोकरांच्या सोयीसाठीं केलेला खर्च, राजकीय पक्षांस दिलेली देणगी, अगर आपल्या नेहमींच्या धंद्यांतील खर्च या सदरांत धरतां येत नाहीं.

कायदा चांगला आहे. त्याच्या योगानें कित्येक शाळांस खोल्या मिळाल्या, कित्येक नाल्यांवर बंधारे झाले, हें नाकारणें कृतघ्नपणाचें होईल. परंतु आम्ही तीस वर्षें सरकारी दप्तरांत हिशेब लिहीत आलों असल्यामुळें आम्हांस एक गोष्ट चटकन् दिसते. हा कायदा नफ्याच्या शंभर रुपयांपैकीं दोन रुपये कसे खर्चावे तें सांगतो. ते शंभर रुपये आले कसे, याविषयीं तो बोलत नाहीं. तें काम इतर कायद्यांवर व कारखानदाराच्या सद्बुद्धीवर सोपविलें आहे. आणि शेतकऱ्याचा संबंध त्या दोन रुपयांशीं वर्षांतून एकदां, समारंभाच्या दिवशीं येतो; त्या शंभर रुपयांशीं मात्र त्याचा संबंध रोजचा असतो. त्याची जमीन, त्याच्या ओढ्याचें पाणी, त्याचा माल, त्या मालाचें वजन, त्याच्या मुलाची मजुरी हीं सारीं त्या शंभरांत येतात.

आतां आमची स्वतःची गोष्ट सांगतों. ती सांगण्यांत आम्हांस भूषण नाहीं.

सुमारें वीस वर्षांपूर्वीं त्याच खेड्यांतील कांहीं शेतकऱ्यांनीं तक्रार केली कीं, एका कारखान्याचें सांडपाणी रात्रीं ओढ्यांत सोडण्यांत येतें, त्यामुळें ओढ्याकांठच्या विहिरींस तांबूस पाणी येऊं लागलें आहे व उभा हरभरा करपला आहे. कारखान्याचें नांव आम्ही येथें देत नाहीं, कारण येथें दोष सांगावयाचा आहे तो आमचा आहे. वरिष्ठांसमवेत पंचनाम्यास आम्ही लेखनिक म्हणून गेलों. आम्हीं विहिरींत डोकावून पाहिलें; पाण्यावर तवंग होता व त्याची घाण काठावर उभें राहून येत होती. पंच म्हणून ज्यांनीं सह्या केल्या त्यांपैकीं दोघांचे मुलगे त्याच कारखान्यांत रोजंदारीवर होते. वरिष्ठांनीं मजकूर सांगितला व आम्हीं तो आमच्या वळणदार अक्षरांत लिहिला: “पिकाचें नुकसान पाण्याच्या कमतरतेमुळें झाल्याचें दिसून येतें.” त्या एका ओळीनें त्या शेतकऱ्यांचा नुकसानभरपाईचा मार्ग खुंटला. पाण्याचा नमुना कोणींच घेतला नाहीं.

पुढच्या वर्षीं त्या कारखान्यानें आमच्या कचेरीस बारा खुर्च्या भेट दिल्या. त्यांपैकीं एका खुर्चीवर आम्ही सेवानिवृत्त होईपर्यंत बसलों. आम्हीं लांच घेतली नाहीं, असें आम्ही पुष्कळ वर्षें स्वतःस सांगत आलों. परंतु त्या दिवशीं मांडवांत त्या वृद्ध शेतकऱ्यानें प्रश्न विचारला तेव्हां आम्हांस ती खुर्चीच आठवली.

हें सांगण्याचें कारण इतकेंच कीं, दानाचा हात व अपायाचा हात एकाच देहाचे असूं शकतात, आणि पुष्कळदां दान हें अपायाविषयीं बोलूं न देण्याचें साधन होतें. देणाऱ्याच्या मनांत तसा हेतु असेलच असें नाहीं. पण ज्या गांवानें कंपनीची शाळाखोली घेतली त्या गांवच्या सरपंचास दुसऱ्या दिवशीं सांडपाण्याविषयीं बोलतांना संकोच वाटतो, हा अनुभव आहे. म्हणून व्यवसायाचें पहिलें सामाजिक कर्तव्य देणें हें नसून अपाय न करणें हें आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे. आधीं विहीर नासवावयाची आणि मग पाणी शुद्ध करण्याचें यंत्र द्यावयाचें, यास दान म्हणतां येणार नाहीं. तें फार तर थकलेल्या देण्याचा एक हप्ता होय.

आपल्या मुलखाच्या इतिहासांत या विषयाच्या दोन्ही बाजू पाहावयास मिळतात. जमशेटजी टाटा यांनीं नागपुरास एम्प्रेस मिल १८७७ सालीं सुरू केली. त्या गिरणींत १८८६ सालीं कामगारांसाठीं निवृत्तिवेतनाचा निधि उभारण्यांत आला व १८९५ पासून कामावर अपघात झालेल्यांस भरपाई देण्यांत येऊं लागली. त्या वेळीं असें करा म्हणून सांगणारा कायदा नव्हता. पुढें जमशेदपूरच्या पोलादाच्या कारखान्यांत १९१२ सालीं आठ तासांचा दिवस सुरू झाला. तोही कायद्याच्या पुष्कळ आधीं. हें शंभर रुपयांतलें कर्तव्य होय, कारण तें नफा मोजण्यापूर्वींच पार पाडलें गेलें.

परंतु याच घराण्याच्या वीज कंपनीनें पुणें जिल्ह्यांत मुळशी येथें धरण बांधावयास घेतलें, तेव्हां मुंबईच्या गिरण्यांस वीज मिळावी म्हणून मावळ्यांचीं भाताचीं खाचरें बुडणार होतीं. १८९४ च्या भूसंपादन कायद्याचा आधार घेऊन त्या जमिनी घेण्यांत आल्या. १९२१ सालच्या रामनवमीस तेथें सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट त्याचे पुढारी झाले व तेव्हांपासून लोक त्यांस सेनापति म्हणूं लागले. लढा १९२४ पर्यंत चालला, पुष्कळ लोक तुरुंगांत गेले, आणि धरण झालेंच. कामगारांविषयीं जें औदार्य नागपुरांत दिसलें तें मुळशीच्या शेतकऱ्याच्या वाट्यास आलें नाहीं. याचें कारण आमच्या मतें असें कीं, कामगार कारखान्याच्या दृष्टीसमोर असतो, आणि ज्याची जमीन जाते तो नकाशावरील एक गटक्रमांक असतो. १८९४ चा तो कायदा जाऊन नवा कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला, व खाजगी कंपनीसाठीं जमीन संपादन करतांना बाधित कुटुंबांपैकीं शेंकडा ऐंशींची संमति आवश्यक ठरली. मुळशीपासून येथपर्यंत येण्यास नव्वदांहून अधिक वर्षें लागलीं.

तिसरें उदाहरण लक्ष्मणराव किर्लोस्करांचें. १९१० सालीं औंध संस्थानांत निवडुंगानें भरलेल्या माळावर त्यांनीं किर्लोस्करवाडी वसविली व लोखंडी नांगर तयार करूं लागले. लोखंडानें जमीन नासते अशी त्या वेळीं शेतकऱ्यांची समजूत असल्यामुळें प्रारंभीं नांगर विकले जाईनात. तरी त्यांनीं चिकाटी सोडली नाहीं. ज्या वस्तूची शेतकऱ्यास गरज होती ती त्यांनीं चांगली करून दिली, व तिनेंच कुंद्या-हरळीनें माजलेल्या जमिनी साफ झाल्या. यावरून दिसतें कीं, उत्तम माल वाजवी किंमतींत देणें हीच व्यापाऱ्याची मोठी समाजसेवा आहे. भेसळीचें खत व न उगवणारें बीं विकून त्याच पैशांतून शेतकरी मेळावा भरविणाऱ्यास हें कोणीतरी सांगितलें पाहिजे.

आतां व्यवसायांनीं हें कर्तव्य प्रत्यक्ष कसें पार पाडावें याविषयीं कांहीं सूचना करितों. त्या लहान गिरणीवाल्यापासून मोठ्या कंपनीपर्यंत सर्वांस लागू पडाव्या अशी आमची अपेक्षा आहे.

पहिली गोष्ट, कारखान्याच्या कुंपणाबाहेर जें जातें, मग तें पाणी असो, धूर असो कीं राख असो, त्याची जबाबदारी मालकानें स्वतःची समजावी. सांडपाणी शुद्ध करण्याची यंत्रणा बहुतेक ठिकाणीं बांधलेली असते. विजेचा खर्च वांचविण्यासाठीं ती रात्रीं बंद ठेवण्याचा मोह होतो. त्या बचतीचा भार शेवटीं कोणाच्या तरी विहिरीवर पडतो. दुसरी गोष्ट, शेतकऱ्याचा माल घेणाऱ्यानें वजन उघड्यावर करावें, प्रतवारीचा नियम आधीं सांगावा, व पैसे ठरल्या दिवशीं द्यावे. शेतकऱ्यास सोसायटीचें कर्ज ठरल्या मुदतींत फेडावें लागतें. त्याचे पैसे दोन महिने अडकवून ठेवणारा व्यापारी त्याच्याकडून बिनव्याजी कर्जच काढीत असतो. तिसरी गोष्ट, ठेकेदारामार्फत लावलेल्या मजुराची मजुरी, सुरक्षितता व विमा यांविषयीं “तो आमचा माणूस नव्हे” असें म्हणून हात झटकूं नयेत.

हें झाल्यावर शेंकडा दोनची गोष्ट. येथें आमचें म्हणणें असें आहे कीं, गांवास काय पाहिजे तें गांवास विचारावें. शहरांतील कचेरींत बसून ठरविलेलीं कामें गांवच्या गरजेशीं जुळत नाहींत. एका गांवीं आम्हीं वाचनालयाची सुंदर इमारत पाहिली. तींत पुस्तकें नव्हतीं, कांद्याच्या गोण्या होत्या. त्या गांवास कांदाचाळ हवी होती, व ती मागण्याची संधि त्यास कोणीं दिलीच नव्हती. ग्रामसभेंत विषय मांडावा, ठराव घ्यावा, आणि मग काम हातीं घ्यावें. काम पुरें झाल्यावर त्याची देखभाल कोण करणार व त्यास पैसा कोठून येणार, हेंही आधींच लिहून ठेवावें. बंधारा बांधण्याइतकेंच त्यांतील गाळ काढणें महत्त्वाचें आहे. परंतु गाळ काढण्याच्या कामास फीत कापण्यासारखा मुहूर्त नसल्यामुळें तें कोणी करीत नाहीं.

आणखी एक मागणी आम्ही विशेष आग्रहानें करितों. कंपनीनें केलेल्या खर्चाचा अहवाल छापला जातो व तिच्या संकेतस्थळावर ठेवला जातो. पण आमच्या पाहण्यांत आले ते सर्व अहवाल इंग्रजींत होते. आमचें शिक्षण मराठी शाळेंत सातवीपर्यंत झालें. असा एक अहवाल आम्हीं पुतण्याकडून वाचून घेतला, तेव्हां कळलें कीं आमच्या शेजारच्या गांवीं झालेल्या कामाची रक्कम त्यांत नोंदली आहे, आणि त्या गांवांत तो आंकडा कोणासही ठाऊक नव्हता. ज्यांच्यासाठीं पैसा खर्च झाला त्यांस तो किती हें न कळणें, यास हिशेब म्हणत नाहींत. प्रत्येक कंपनीनें आपल्या मुलखांतील कामांचा जमाखर्च एका पानावर मराठींत छापून ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा व ग्रामसभेंत वाचून दाखवावा. यास फारसा खर्च नाहीं. आणि दारापेक्षां रुंद पाटी लावण्याऐवजीं तो कागद लावला तर कंपनीची अब्रू अधिक वाढेल.

येथवर कारखानदारांस उपदेश करून आम्ही थांबलों असतों तर वाचकांस तो गोड वाटला असता. परंतु शेतकरी बंधुभगिनींनो, आपण स्वतःही कारखानदार आहोंत हें विसरून चालणार नाहीं. १९५० सालीं प्रवरानगर येथें विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानें सहकारी साखर कारखान्याचें गाळप सुरू झालें, आणि तेव्हांपासून महाराष्ट्रांत शेतकरी मालक असलेले किती तरी कारखाने उभे राहिले. सहकारी संस्थेस कंपनी कायद्याचें कलम १३५ लागू होत नाहीं. म्हणून तिच्यावर कर्तव्य नाहीं असें नव्हे. उलट तिच्या सभासदांवर तें दुप्पट आहे, कारण तेथें मालकही आपण व शेजारीही आपणच.

ऊस नियंत्रण आदेश १९६६ अन्वयें ऊस पोंचल्यापासून चौदा दिवसांत त्याची किंमत द्यावी लागते, व विलंब झाल्यास वार्षिक शेंकडा पंधरा दरानें व्याज द्यावें लागतें. आपल्याच कारखान्याकडून हें व्याज कितीजणांनीं मागितलें आहे? आसवनीचें मळीमिश्रित पाणी ओढ्यांत गेल्याची तक्रार आली म्हणजे आपण कोणत्या बाजूस उभे राहतों? आणि बीड, अहिल्यानगर, जळगांवकडून बैलगाड्या व ट्रॅक्टर घेऊन आलेलीं जीं ऊसतोडीचीं कुटुंबें सहा सहा महिने आपल्या बांधावर पालांत राहतात, त्यांच्या बायकांस आडोसा नसतो, मुलांची शाळा बुडते. बीड जिल्ह्यांतील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठीं २०१९ सालीं सरकारास समिति नेमावी लागली. एक दिवसाचा खाडा झाला तर मजुरी जाते व वर दंड बसतो, या धास्तीनें बाया दुखणें अंगावर काढतात, ही गोष्ट त्या वेळीं जगासमोर आली. त्यांच्या कोयत्यानें तोडलेल्या उसाचा पैसा आपल्या खात्यावर जमा होतो. वार्षिक सभेंत आपण साखरेच्या वाट्याविषयीं भांडतों. पालांच्या जागीं पाण्याचा नळ व संडास आहेत कीं नाहींत हें विचारण्यास मात्र हात वर होत नाहीं.

इतकेंच काय, दहा एकरांचा धनी देखील एक लहानसा व्यवसायच चालवितो. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना विषबाधा होऊन कित्येक शेतकरी व मजूर मरण पावले. औषध विकणाऱ्याची जबाबदारी होतीच. पण मजुराच्या पाठीवर पंप देतांना त्यास हातमोजे, तोंडास फडकें व वाऱ्याची दिशा यांविषयीं सांगण्याचें काम शेतधन्याचें होतें. जो न्याय आपण कंपनीस लावूं तोच आपल्या बांधावर लावला पाहिजे, नाहीं तर आपल्या बोलण्यास वजन राहणार नाहीं. ज्या शेतकऱ्यांनीं आपल्या उत्पादक कंपन्या स्थापिल्या आहेत त्यांनीं हेंही लक्षांत घ्यावें कीं, अशा कंपनीस मागील वर्षाच्या निव्वळ नफ्याच्या शेंकडा तीनपर्यंत रक्कम लोकहितार्थ देण्याची मुभा कायद्यानें ठेविली आहे. ती वापरतांना वर सांगितलेल्या चुका आपण करूं नयेत.

शेवटीं, शेतकऱ्यानें काय करावें? नुसती कुरकुर करून भागत नाहीं, कागद पाहिजे. दप्तरांत आयुष्य घालविल्यानें आम्हांस एवढें निश्चित कळलें आहे कीं, जें लिहिलें गेलें नाहीं तें घडलेंच नाहीं असें समजलें जातें, आणि जें खोटें लिहिलें गेलें तें खऱ्यापेक्षां टिकाऊ ठरतें. म्हणून कारखान्याजवळच्या गांवांनीं विहिरींच्या पाण्याचा नमुना पावसाळ्यापूर्वीं व पावसाळ्यानंतर तपासून घ्यावा व त्याचे दाखले ग्रामपंचायतींत जपून ठेवावे. पाणी बिघडलेलें दिसल्यास प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी अर्ज करावा व पोंच घ्यावी. तेथें दाद न लागल्यास २०१० च्या कायद्यान्वयें स्थापन झालेलें राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण आहे. त्याचें एक पीठ पुण्यास बसतें. ज्याचें नुकसान झालें असा साधा शेतकरीही तेथें अर्ज करूं शकतो; मात्र भरपाईचा अर्ज कारण घडल्यापासून पांच वर्षांचे आंत करावा लागतो. कंपनी कांहीं देऊं लागली तर जरूर घ्यावें, पण ग्रामसभेच्या ठरावानें घ्यावें, व त्याच ठरावांत लिहावें कीं, या देणगीमुळें गांवाचा कोणताही हक्क अगर तक्रार संपुष्टांत येत नाहीं. एवढी एक ओळ पुरेशी आहे.

त्या समारंभानंतर चार दिवसांनीं आम्ही त्या वृद्ध शेतकऱ्याच्या वस्तीवर गेलों व वीस वर्षांपूर्वींच्या पंचनाम्यांतील ती ओळ कोणाच्या हातची होती तें त्यास सांगितलें. तो रागावेल असें वाटलें होतें. तो थोडा वेळ गप्प बसला व म्हणाला, “भाऊसाहेब, अक्षर तुमचं हाय हे मला तवाच ठावं हुतं. नक्कल काढली हुती मी.” मग घरांतून त्यानें ती नक्कल आणून दाखविली, घडीवर फाटली होती, पण आमचें अक्षर स्पष्ट होतें. तो म्हणाला, “आता पुन्यांदा लिव्हा. ह्या डाव जे दिसतंय ते लिव्हा.”

आम्ही त्याच्याबरोबर विहिरीवर गेलों. पाणी पूर्वींइतकें वाईट नव्हतें, पण पिण्याजोगें नव्हतें. दोन शेजाऱ्यांसमक्ष बाटल्या भरल्या, त्यांवर तारीख व गटक्रमांक घातला, आणि पाण्याच्या तपासणीसाठीं अर्ज लिहिला. एक प्रत ग्रामपंचायतीस, एक कंपनीच्या त्या तरुण अधिकाऱ्यांस व एक मंडळास पाठविली. अधिकाऱ्यांचें उत्तर आलें आहे. तपासणीच्या वेळीं आपण स्वतः हजर राहूं असें त्यांनीं कळविलें आहे. ही गोष्ट त्यांस भूषणावह आहे. यंत्राच्या खोलीवरील पाटीपेक्षां त्या दोन ओळींच्या पत्रानें गांवास अधिक समाधान झालें आहे, हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे.

ज्या कोणा वाचकास असा अर्ज अगर ग्रामसभेचा ठराव लिहावयाचा असेल त्यानें या मासिकाच्या पत्त्यावर आम्हांस कळवावें. मसुदा आम्ही विनामूल्य लिहून देऊं. आमच्या हातून एक ओळ चुकीची लिहिली गेली आहे. जितक्या बरोबर ओळी लिहितां येतील तितक्या लिहून ठेवाव्या, एवढीच आतां इच्छा आहे.